मदत हवी आहे: अनोळखी छोट्या कंपनीचे शेअर्स धरून ठेवू की काढू?

नमस्कार मंडळी. ४ वर्षांपूर्वी बॅटरीचं नवं तंत्रज्ञान विकसित करणाऱ्या एका छोट्या कंपनीचे शेअर्स घेतले. उत्पन्न अजून शून्य, भाव माझ्या खरेदीच्या निम्म्यावर. ते एक वेळ सोसेन.

झोप उडवली ती वार्षिक अहवालातल्या कॅश फ्लोच्या पानाने. सध्याच्या खर्चाने हातातली रोकड जेमतेम १० महिने पुरेल. म्हणजे पैसे उभे करायला कंपनी पुन्हा नवे शेअर्स काढणार. मागच्या वेळी एकूण शेअर्स ८ कोटींवरून १२ कोटी झाले आणि माझा हिस्सा एक तृतीयांशाने घटला.

विकायचं म्हटलं तर घेणारे मोजकेच. काल खरेदी-विक्रीच्या भावात ९ टक्क्यांचं अंतर होतं, त्यामुळे मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला लगेच विक्री) टाकायला हात धजेना. लिमिट ऑर्डर (मी ठरवलेला किंवा त्याहून चांगला भाव मिळाला तरच विक्री) ३ दिवस तशीच पडून आहे.

पण प्रयोगशाळेतले निकाल खरंच चांगले आहेत, म्हणून जीव अडकलाय. अशा शेअर्समध्ये टिकून राहिलेल्यांनी सांगा, कोणती खूण दिसली की बाहेर पडायचं? संचालक स्वतःच्या पैशाने शेअर्स घेतायत, याला किती वजन द्यावं? की निम्मे विकून बाकीचे ठेवू?