मदत हवी आहे: हायड्रोजनमधला कार्बन मोनॉक्साइड मोजताना आकडा कमी येतोय

तापीकाठ: राम राम मंडळी. जळगाव एमआयडीसीत वनस्पती तुपाच्या प्लांटची लॅब आहे. तेल घट्ट करायला हायड्रोजन लागतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडने निकेल कॅटॅलिस्ट मरतो, म्हणून हायड्रोजन तपासावा लागतो. मांडणी अशी: वायू स्वच्छ आणि कोरडा करायला कोळसा, क्रोमिक अ‍ॅसिड, पोटॅश, फॉस्फरस पेंटॉक्साइड, मग १५० अंशांवर आयोडीन पेंटॉक्साइडची यू-ट्यूब (यू आकाराची नळी, इथे कार्बन मोनॉक्साइडमुळे आयोडीन सुटतं), ते धरायला पोटॅशियम आयोडाइडचे दोन बल्ब, शेवटी वेट गॅस मीटर (पाण्यातून नेऊन वायू मोजणारा). मिनिटाला १०० मिली, एकूण १० लिटर. १० पीपीएमच्या (दशलक्षात १० भाग) प्रमाणित सिलिंडरला नायट्रोजनचा ब्लँक (कार्बन मोनॉक्साइड नसताना येणारं वाचन) वजा करून, आयोडीन मोजायला ०.००१ नॉर्मल थायोसल्फेट १.१ मिलीच लागतं. लॅबमध्ये सध्या ४० अंश तापमान. कुठे गळतंय?

बोदवड नाका: भाऊ, आधी हिशोब. पाच रेणू कार्बन मोनॉक्साइडमागे एक रेणू आयोडीन, म्हणजे १ मिली थायोसल्फेट = २.५ मायक्रोमोल. २५ अंशांचे कोरडे १० लिटर असते तर १.६४ मिली लागलं असतं. तुमचा मीटर ४० अंशांवर पाण्याची वाफही मोजतो (बाष्पदाब सुमारे ५५ मिमी). वायुदाब ७६० मिमी धरला तर खरे कोरडे लिटर ८.८, अपेक्षित वाचन १.४४ मिली. बॅरोमीटरचा खरा आकडा घाला, अपेक्षित वाचन आणखी थोडं उतरेल. बाकीची तूट मात्र आयोडीन वाटेत अडकल्याची आहे. यू-ट्यूबच्या बाहेरच्या नळीला, ओव्हनबाहेर आल्या आल्या, तपकिरी-जांभळी कडी दिसते का?

तापीकाठ: दिसते दादा! दोन बोटं रुंद. पुढे रबराचा तुकडा आहे.

बोदवड नाका: तेच. रबर आयोडीन शोषून घेतं, आणि पुढच्या धावेला थोडं थोडं सोडतं, म्हणून ब्लँकही डुलतो. तिथे काच-ते-काच जोड लावा, ओव्हनपासून बल्बपर्यंत हीटिंग टेप गुंडाळा. दोन्ही बल्ब बर्फाच्या पाण्यात ठेवा, नाहीतर या उन्हात आयोडीन उडतंच. स्टार्चचा शेवटचा बिंदूही गारच बरा दिसतो.

पांझरा: एक गोष्ट राहिली. १५० अंशांवर शुद्ध हायड्रोजनही आयोडीन पेंटॉक्साइडला किंचित क्षपित करतो, म्हणजे त्याने वाचन वाढतं. नायट्रोजनच्या ब्लँकमध्ये हे येत नाही. ब्लँक पॅलेडियम पडद्यातून शुद्ध केलेल्या हायड्रोजननेच घ्या, त्याच प्रवाहाने, तेवढेच लिटर. तापमान १६० च्या वर जाऊ देऊ नका. नवा पेंटॉक्साइड भरला की कोरड्या नायट्रोजनखाली २०० अंशांवर आयोडीन येणं थांबेपर्यंत भाजा. हे टाळलं की ब्लँक दिवसभर उतरत राहतो.

आणि सुरक्षेत ढिलाई नको: हायड्रोजन सोडण्याआधी नायट्रोजनने सगळ्या मांडणीतली हवा पूर्ण काढा, बंद करतानाही आधी नायट्रोजन, मीटरमधून निघणारा वायू थेट इमारतीबाहेर.

तापीकाठ: समजलं. १ ते २ पीपीएम मोजायचं तर?

बोदवड नाका: तेव्हा थायोसल्फेट ०.१५-०.३ मिलीवर येतं, त्यावर भरवसा नको. आयोडीनचं आयोडेट करा: सोडियम अ‍ॅसिटेटच्या अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमधल्या द्रावणात ब्रोमीन, जास्तीचं ब्रोमीन फॉर्मिक अ‍ॅसिडने संपवायचं. मग पोटॅशियम आयोडाइड आणि विरळ गंधकाम्ल. वाचन सहापट होतं. पण बल्बमधलं पोटॅशियम आयोडाइड या पद्धतीत चालत नाही, त्याचंही आयोडेट होईल. बल्बमध्ये ब्रोमीनचं तेच द्रावण भरा. ०.००१ नॉर्मल थायोसल्फेट मात्र रोज ताजं, उकळून गार केलेल्या पाण्यात, पोटॅशियम आयोडेटवर तपासून.