डीअँडडीतल्या रिॲक्शन कॉम्प्युटर गेममधे जशाच्या तशा कशा आणायच्या? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, गोडो या गेम इंजिनमधे एक छोटा टर्न-बेस्ड गेम करतोय, नियम डीअँडडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर खेळायचा रोल-प्लेइंग गेम) पाचव्या आवृत्तीचे. एसआरडी ५.१ (त्या नियमांचा खुला दस्तऐवज) जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आहे, श्रेय दिलं की वापरता येतं, त्यामुळे लायसन्सची चिंता नाही. इनिशिएटिव्ह, ॲडव्हांटेज, कॉन्सन्ट्रेशन वगैरे नीट चालतंय. घोडं अडलंय ते रिॲक्शनपाशी, म्हणजे काही घडलं की पाळी नसतानाही मधेच करायच्या प्रतिक्रियेपाशी.

समजा विझार्डचा एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १५ आहे आणि हॉबगॉब्लिन या शत्रूच्या वाराची बेरीज (फासा अधिक बोनस) १८ आली. वार लागला. आता रिॲक्शन म्हणून शील्ड (एसी ५ ने वाढवणारा स्पेल) टाकलं तर एसी २० होतो आणि तोच वार हुकतो, पण बेरीज २१ असती तर वारही बसला असता आणि स्लॉटही (स्पेल टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक) वाया गेला असता. नियमात 'वार लागल्यावर' एवढंच आहे, आकडा सांगायचा की नाही ते टेबलावर डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) हातात. आमचा डीएम फक्त "लागला" म्हणतो आणि थांबतो, आणि खेळणारा स्लॉटकडे बघत बसतो, खरी मजा तिथेच आहे आणि मला ती गेममधे हवीच आहे.

पण त्यासाठी प्रत्येक वेळी पॉपअपने विचारलं तर चार हॉबगॉब्लिन आले की लढाई रटाळ होते. बरं, शील्डने वार वाचणार असेल तेव्हाच विचारावं म्हटलं तर पॉपअप दिसला यातच आकडा फुटतो! यावर कोणी काही तोडगा काढलाय का?

दुसरं म्हणजे रेडी, म्हणजे अमुक घडलं की काय करायचं ते आधीच ठरवून ठेवणं. टेबलावर "दारातून जो बाहेर येईल त्याला बाण" असं तोंडी सांगून मोकळं होता येतं. बाल्डर्स गेट ३ या कॉम्प्युटर गेमने हे काढूनच टाकलं, मला ते पटलं नाही. टेंपल ऑफ एलिमेंटल ईव्हिल या जुन्या गेमने २००३ मधे, म्हणजे डीअँडडीच्या साडेतीन आवृत्तीच्या नियमांत, शत्रू जवळ आला, लांब गेला, स्पेल टाकायला लागला असे ठराविक ट्रिगर दिले होते आणि मला वाटतं तोच रस्ता बरोबर आहे, फक्त आणखी कोणते ट्रिगर ठेवले की टेबलावरच्या बहुतेक गोष्टी त्यात बसतील?

आता कोडचं. ऑपॉर्च्युनिटी अटॅक (निसटणाऱ्या शत्रूवर रिॲक्शनने केलेला वार) शत्रू रीचबाहेर, म्हणजे वार पोचेल त्या अंतराबाहेर, पडायच्या ऐन आधी होतो, म्हणून चाल एकेका चौकोनाने तोडलीये आणि प्रत्येक ठिकाणी अवेट (उत्तर येईपर्यंत फंक्शन थांबवणारी सूचना) लावून थांबतोय. पण काउंटरस्पेलवर (दुसऱ्याचा स्पेल मोडणारा स्पेल) काउंटरस्पेल आला की अवेटच्या आत अवेट, आणि त्यातच कोणी गेम सेव्ह केला तर अर्धवट थांबलेलं फंक्शन फाइलमधे उतरवता येत नाही. सगळ्या घटना डेटा म्हणून एका स्टॅकवर टाकाव्यात आणि वरून एकेक सोडवत यावं असा विचार आहे, पण मग ॲनिमेशन कुठे जोडायचं? वार दिसून गेल्यावर शील्ड आलं तर ते विचित्र दिसतं.

ज्यांनी असं काही बांधलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, कोडचा तुकडा असेल तर फारच छान. "नियम सोपा करून टाक" हा सल्ला सोडून काहीही चालेल.