फवारलेलं दव आणि पुसलेली तार: फाइन आर्ट म्हटलं की सगळं माफ?

पानगळ:
एका प्रदर्शनात पानाचा फोटो पाहिला. काळी पार्श्वभूमी, पानाच्या कडेवर टपोरे थेंब, खाली नाव ‘पहाटेचं दव’. थेंब फारच आज्ञाधारक वाटले, म्हणून छायाचित्रकारांनाच गाठून विचारलं. तर म्हणे दुपारी तीन वाजता घरात काढलाय, ग्लिसरीन घातलेलं पाणी फवारून. नुसतं पाणी ओघळतं, ग्लिसरीन असलं की थेंब बसून राहतो. वर हसून, ‘अहो, फाइन आर्ट आहे, बातमीचा फोटो नाही!’
तंत्र झकास, वाद नाही. पण मला फसवल्यासारखं वाटलं ते वाटलंच. तुम्हाला काय वाटतं?

ओळंबा:
पानगळताई, गुन्हाच नाही तर माफी कसली? अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनची १९३० सालची ढोबळी मिरची, ‘पेपर (म्हणजे मिरची) नंबर ३०’, पाहिली असेल. ती त्याने पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून काढली. नरसाळ्याच्या आतून परतलेला उजेड मिरचीच्या वळणांवर असा पसरला की कुणाला त्यात पाठमोरा माणूस दिसतो, कुणाला आवळलेल्या मुठी. मिरच्या नरसाळ्यात उगवत नाहीत, म्हणून चित्र खोटं?
कार्ल ब्लॉसफेल्ट तर स्वतःला छायाचित्रकारही समजत नव्हता. बर्लिनमध्ये शिकवायचा, नक्षी शिकणाऱ्या मुलांना दाखवायला कळ्या, देठ, नेच्याचे गुंडाळलेले कोंब कित्येक पट मोठे करून टिपायचा. नको ती पानं छाटायची, मागे साधा कागद. १९२८ साली त्याचं पुस्तक आलं, त्यातला नेच्याचा कोंब लोहाराने वळवलेल्या सळईसारखा दिसतो. छाटलं नसतं तर तो दिसलाच नसता.

पानगळ:
वेस्टनने खाली ‘मळ्यातली ताजी मिरची’ असं लिहिलं नव्हतं. नुसता नंबर दिला. माझं भांडण फवारणीशी नाही, ‘पहाटे’शी आहे.

रानवाट:
थोडं अवांतर. गवताच्या पात्याच्या टोकाला, स्ट्रॉबेरीच्या पानाच्या दातेरी कडेवर सकाळी ओळीने बसलेले थेंब बरेचदा दव नसतातच. रात्री मुळं पाणी ओढत राहतात, पण पानातून वाफ फारशी जात नाही. मग ते पाणी कडेच्या बारीक छिद्रांतून थेंबाथेंबाने बाहेर येतं. दव म्हणजे हवेतली वाफ, ती पानभर बारीक बारीक बसते. तेव्हा त्या गृहस्थांनी दवाची नक्कलही धड केली नाही. (मीही कितीतरी फोटोंना ‘दव’ म्हणून बसलोय, हे आत्ता आठवलं. जाऊ दे.)

ओळंबा:
घ्या! खऱ्या थेंबांनाही खोटं नाव. मग शीर्षकावर एवढा भरवसा कशाला?
मी इमारती काढतो, तिथलं सांगतो. कॅमेरा वर उचलला की उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात, इमारत मागे रेलल्यासारखी दिसते. भात्याच्या कॅमेऱ्यात भिंग वर सरकवून ते टाळायचे, आता तसंच भिंग सरकवता येणारी टिल्ट-शिफ्ट लेन्स आहे, नाहीतर सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअरने केलं की वरचे मजले ताणले जातात आणि कडा कापाव्या लागतात, म्हणून मी काढतानाच चहूकडे जागा सोडतो. त्या सरळ केलेल्या रेषांना आजवर कुणी फसवणूक म्हटलेलं नाही. उलट तिरप्या ठेवल्या तर ‘येत नाही वाटतं’ म्हणतात.

काळापांढरा:
डार्करूममध्ये केस पांढरे केलेत, म्हणून मध्ये पडतो. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सचा ‘मूनराइज, हर्नांडेझ’, म्हणजे हर्नांडेझ गावचा चंद्रोदय, घ्या. खाली वस्ती, उजळलेले क्रूस, वर चंद्र. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात ढगांचे पट्टे दिसतात. पुढे वर्षानुवर्षं तो प्रिंट करताना आकाश गडद करत गेला, शेवटी जवळजवळ काळं. निगेटिव्ह एकच.
पण गंमत पुढे आहे. फोटो कधीचा, हे ॲडम्सलाच नक्की आठवेना, साल वेगवेगळं सांगायचा. शेवटी खगोल अभ्यासकांनी चंद्राच्या जागेवरून हिशेब मांडून १ नोव्हेंबर १९४१ ही तारीख काढली. आकाश हवं तितकं काळं केलं, पण चंद्र होता तिथेच ठेवला, म्हणून हे जमलं. मी पानगळच्या बाजूने.

ओळंबा:
काका, उदाहरण भारी, पण मग जर्मन छायाचित्रकार आंद्रेआस गुर्स्कीचं काय करायचं? ‘राइन २’, १९९९. हिरवा काठ, करडी नदी, करडं आभाळ, सगळे आडवे पट्टे. पलीकडच्या काठावरची कारखान्याची इमारत त्याने संगणकावर सरळ पुसली. २०११ साली लिलावात ४३ लाख डॉलरच्या वर गेला. तिथे चंद्रच काय, अख्खा कारखाना गायब!

काळापांढरा:
किमतीने पटवू नकोस रे. आणि त्याने पुसलं ते लपवलं नाही, म्हणून तर तुला माहीत आहे.

पानगळ:
काका, अगदी हेच. दुपारी तीनचं पाणी ‘दुपारी तीनचं पाणी’ म्हणून टांगलं असतं तर मी थांबून कौतुक केलं असतं.

ओळंबा:
‘दुपारी तीनचं पाणी’ हे ‘पहाटेचं दव’पेक्षा चांगलं शीर्षक आहे, एवढं मान्य. बाकी काही मान्य नाही.

खिडकी:
इतका वेळ नुसती वाचत होते, आता कबुलीजबाब. एका जुन्या वाड्याची भिंत काढली होती, तिरकं ऊन, चुन्याचे पोपडे, सुरेख. मध्येच विजेची तार आडवी. संध्याकाळभर बसून पुसली. मोठा प्रिंट काढून भिंतीवर लावला, सगळ्यांनी वाहवा केली. आठ महिन्यांनी घरी आलेल्या एका लहान मुलीने विचारलं, ‘ही सावली कशाची?’
तार पुसली होती, पोपड्यांवरून वाकडीतिकडी गेलेली तिची सावली तशीच राहिली होती. आता काय करू?

ओळंबा:
सावलीच ठेवा. फोटोतली सगळ्यात चांगली गोष्ट तीच असणार.

पानगळ:
तार परत आणा!

खिडकी:
मूळ फाइल शोधतेय.