मदत हवी आहे: कोरियन 'गादा' आणि 'ओदा' कुठे वापरायचं?

'गादा' म्हणजे जाणे, 'ओदा' म्हणजे येणे, इथवर सोपं आहे. पण कोणी हाक मारली की आपण 'आले, आले!' म्हणतो, तिथे कोरियन माणूस 'चिगुम गायो' म्हणतो, शब्दशः 'आत्ता जाते'. 'ओसेयो', म्हणजे 'या', याचं उत्तरही 'गाल्केयो', म्हणजे 'जाते'. आपण मनाने समोरच्याच्या जागी पोचून बोलतो, ते स्वतः आहेत तिथूनच बोलतात. हा नियम समजलाय, वाक्यं लिहून पाठही केलीत.

अडतंय ते पुढे. मी घरी, मैत्रीण तिच्या घरी, क्लासमध्ये आत्ता कोणीच नाही. तिला 'उद्या क्लासला येशील ना?' असं विचारायचंय. मी स्वतः तिथे असणारच आहे. मग 'ओदा' चालेल, की दोघीही आत्ता तिथे नाही म्हणून 'गादा'च?

दुसरं, सहायक क्रियापद म्हणून. काम 'होत आलंय' याला 'ता द्वे गायो', म्हणजे आपलं येणं तिथे जाणं होतं. आणि उजाडत येतं त्याला मात्र 'पाल्गा ओदा', अगदी आपल्यासारखं! ही जोडी फार सुंदर वाटली, पण सूत्र सापडेना.

शब्दकोशात दोन्ही अर्थ नुसते शेजारी दिलेत. मोबाइलवरचं भाषांतर कधी हे, कधी ते देतं. माझी तयारी टोपिक १ (कोरियन भाषेच्या परीक्षेची प्राथमिक पातळी) पुरती आहे, त्यामुळे 'यो'ने संपणारी साधी वाक्यं द्या, उच्चार देवनागरीत चालतील.

क्लासच्या वाक्यात नेमकं काय म्हणू? आणि 'द्वे गायो'मध्ये 'ओदा' का चालत नाही?