मॉड्यूल म्हणतं ‘गुजराती’, पण आजी मराठीतच लिहितायत!

रावपुऱ्याची: आमच्या बडोद्याच्या मंडळाच्या स्मरणिकेला मजकूर तिन्ही लिप्यांत येतोय, देवनागरी, गुजराती, रोमन, म्हणून लिपीनुसार वाटणीसाठी छोटं मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रामचा तुकडा, लिहिलं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला कोड देणाऱ्या तक्त्यांत, ०९०० पासून १२८ घरं देवनागरीची, ०ए८० पासून १२८ गुजरातीची (हे कोड सोळाच्या पायावरचे), अक्षर कुठल्या ब्लॉकमधलं, म्हणजे घरांच्या गटातलं, तेवढं बघायचं. काल एका आजींचं भोंडल्याचं गाणं ‘मिश्र’मध्ये पडलं. अक्षरं सगळी गुजराती पण प्रत्येक ओळीच्या शेवटी दंड (।), आणि दंडाचा कोड ०९६४, म्हणजे देवनागरीच्या ब्लॉकमध्ये! युनिकोड स्वतः त्याला सामायिक चिन्ह मानतं, म्हणून नुसते ब्लॉक बघू नका, स्क्रिप्ट प्रॉपर्टी, म्हणजे प्रत्येक चिन्हाची युनिकोडने नोंदवलेली लिपी, वापरा असं माझं ठाम मत.

दांडियाबाजार: अगं पण शेदीडशे पानांसाठी एवढं कशाला? दंड नि आकडे वगळ, पंधरा ओळींत काम होतं. आणि गुजराती निघालं की गुजराती विभागात टाक ना.

रावपुऱ्याची: तिथेच तर चूक होते दादा! आजी गुजराती शाळेत शिकल्या, घरात जन्मभर मराठीच बोलल्या. त्यांची ‘आई’, ‘माहेर’ त्या लिपीत लिहिली म्हणून गुजराती होत नाही.

इंदूरकर: +१. आमच्याकडे उलटा त्रास, देवनागरी दिसली की सरळ हिंदीचा शिक्का. यादीतल्या कॉलमचं नाव ‘भाषा’ ठेवूच नका, ‘लिपी’ ठेवा, भाषा माणसाला ठरवू दे. ळ दिसला की मराठी धरू म्हणाल तर तेही चालत नाही, चार ओळींत ळ येतोच असं नाही.

दांडियाबाजार: बरं, दंडाचं मान्य. पण छापायचं देवनागरीतच आहे ना? युनिकोडचे दोन्ही तक्ते एकाच क्रमाने लावलेत, कोडमधून (नेहमीच्या दशमान आकड्यांत) ३८४ वजा केले की गुजराती क चा आपला क होतो. आल्या आल्या बदलून टाक, लिपी ओळखायची भानगडच नको.

रावपुऱ्याची: करून बघितलं. आजींच्या पत्त्यातलं ‘ॲ’ वजाबाकीनंतर हिंदी वळणाचं ‘ऍ’ झालं, कारण मराठी ॲ वेगळ्या घरात, ०९७२ ला आहे. छापायला बदलूया, पण मूळ फाइल मी पुसणार नाही, आजींनी ज्या अक्षरांत लिहिलंय तसंच एक पान फोटोसारखं छापा असं मी मंडळात मांडणार आहे.