खरवस घट्टच होत नाहीये! संध्याकाळी ७ ला माणसं येणार, मदत हवी आहे

रातराणी_८२ | दुपारी १.१०
गवळ्याकडून चीक मिळाला. आईच्या प्रमाणाने दूध, साखर, वेलची घालून कुकरला लावला. २० मिनिटांनी पातळ. पुन्हा २० मिनिटं लावला, तरी वेलची घातलेलं गोड दूधच! अर्धा लिटर चीक अजून फ्रीजरमध्ये आहे, तो वाया घालवायचा नाहीये. काय चुकतंय? रेसिप्यांच्या लिंका नकोत, दहा वाचून झाल्या.

चिंचगूळ | १.१६
चीक गाय व्यायल्यावर पहिल्या दिवसाचा की तिसऱ्या? दूध किती घातलंत? शिट्टी काढली होती ना?

बोरीचा_बार | १.१९
एवढ्या चौकश्या कशाला. चायना ग्रास उकळून घाला, फ्रीजमध्ये ठेवा, मस्त वड्या पडतात. कोणाला कळत नाही.

चिंचगूळ | १.२४
मला कळतं. तुमची वडी तापवून बघा, पाणी होईल. चायना ग्रास म्हणजे समुद्री शेवाळातली शर्करांची लांबलचक साखळी. तापली की सुटते, निवली की पुन्हा गुंफते. खरा खरवस एकदा जमला की कितीही तापवा, पातळ होत नाही. उकडलेलं अंडं परत कच्चं होतं का?

शेपूची_भाजी | १.२७
दुधातलं केसीन हे प्रथिन उष्णतेने गोठतं, ते कमी पडलंय. चार थेंब लिंबू पिळा.

जुना_मास्तर | १.३५
लिंबू पिळलंत तर पनीर होईल. केसीन नुसतं तापवून गोठत असतं तर रोजचं दूध सुरीने कापून प्यावं लागलं असतं. तापून गोठायला प्रथिनाची घडी उलगडावी लागते; केसीनला पक्की घडीच नसते, मग उलगडणार काय? खरवस जमतो तो चिकातल्या अँटीबॉडी आणि केसीनखेरीज इतर प्रथिनांमुळे. गायीच्या वारेतून अँटीबॉडी वासराला मिळत नाहीत, म्हणून त्या चिकात ठासून भरलेल्या. चांगल्या पहिल्या चिकात लिटरला ५० ग्रॅमहून जास्त, नेहमीच्या दुधात एक ग्रॅमही नाही. प्रत्येक रेणू इंग्रजी वायसारखा, दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी बांधलेल्या. ही रचना शोधणाऱ्या पोर्टर आणि एडेलमन या शास्त्रज्ञांना १९७२ चं नोबेल मिळालं. तापलं की घडी मोडते, रेणू एकमेकांत अडकतात आणि त्या जाळ्यात पाणी कोंडलं जातं. तोच खरवस.

मनमौजी_मावळा | १.४१
म्हणजे खरवस खाल्ला की प्रतिकारशक्ती वाढते! आजी हेच सांगायची.

जुना_मास्तर | १.४४
घडी मोडलेली अँटीबॉडी काय कामाची? कच्च्या असल्या तरी आपलं पोट त्या पचवून टाकतं. वासराच्या आतड्यातून त्या अख्ख्या आत जातात, तेही साधारण पहिल्या २४ तासांतच.

एकटी_चिमणी | १.४६
आणि तेच त्या बिचाऱ्याच्या तोंडचं काढून आपण वड्या पाडतो. असो.

शेपूची_भाजी | १.४८
नोबेल ठेवा बाजूला, त्यांचे पाहुणे येतायत. लिंबू.

रातराणी_८२ | १.५२
कोणी वाचतंय का मी काय विचारलंय ते? चीक पहिल्या दिवसाचाच आहे, गवळ्याने शपथेवर सांगितलंय. दूध निम्माला निम्मं. शिट्टी काढली होती. आधी तापवून, गाळून घेतला होता, मग निवल्यावर दूध घातलं.

चिंचगूळ | १.५३
थांबा. *तापवून*??

रातराणी_८२ | १.५५
कच्चं दूध तापवायचं नाही का? नासका निघाला म्हणून गाठी गाळल्या. मांजराला घातल्या.

चिंचगूळ | १.५७
ताई, खरवस मांजराने खाल्ला. तुम्ही कुकरला लावलं ते उरलेलं पाणी.

जुना_मास्तर | २.०३
बरोबर. परदेशात मोठ्या गोठ्यांवर वासरांसाठी चीक निर्जंतुक करतात, तेव्हा ६० अंशांवर तासभर ठेवतात. त्याहून वर नेला की दाट होतो, अँटीबॉडीही जातात.

चिंचगूळ | २.०८
फ्रीजरमधला बाहेर काढून आपोआप वितळू द्या, गॅसवर धरू नका. थंडच दूध घाला, साखर ढवळून विरघळवा, केसकचरा गाळा. आधी एका वाटीत चार चमचे वाफवून बघा. सुरी कोरडी आली नाही तर दूध जास्त झालंय, आणखी चीक घाला. वाफेवर सगळं तापतंच, कच्चं राहायची भीती नको.

बोरीचा_बार | २.१०
चायना ग्रास हाताशी ठेवा.

गल्लीबोळ | ३.३०
डोंबिवलीत चीक कुठे मिळेल? गवळी ओळखीचा नाही.

रातराणी_८२ | ४.४०
वाटी जमली!! मोठा डबाही जमला. पण आत जाळी पडलीये, भोकंच भोकं. आता हे कशाने?

चिंचगूळ | ४.४२
आच मोठी होती. चवीला फरक नाही. मांजर कसं आहे?

गल्लीबोळ | ४.५०
डोंबिवली पूर्व असेल तर उत्तम.