भाषांतरात इंग्रजी ‘सेट’ हा एकच शब्द ठेवायचा की दरवेळी मराठी क्रियापद शोधायचं?

कोशकीटक: ऑक्सफर्ड कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे सुमारे 430 अर्थ दिले आहेत. आपले भाषांतरकार मात्र सगळीकडे ‘सेट करा’ लिहून मोकळे! हा निव्वळ आळस आहे. मराठीत गजर लावतात, प्रश्नपत्रिका काढतात, निखळलेलं हाड बसवतात, जुन्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत, जेवायला पानं मांडतात आणि सूर्य मावळतो. ‘सेट’ टेनिसपुरता ठेवावा.

गिलावा: सिमेंटच्या गोणीवरच्या सूचना लिहून दाखवा मग. ‘काँक्रीट बसलं’ म्हणजे ते दबून खाली गेलं. ‘घट्ट झालं’ लिहाल, तर वाचणाऱ्याला वाटेल ताकद आली, आणि सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचा तात्पुरता आधार, काढायची घाई होईल. सेट होणं वेगळं, ताकद येणं वेगळं. भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलंड सिमेंटचं प्राथमिक सेटिंग 30 मिनिटांच्या आत सुरू होता कामा नये आणि अंतिम सेटिंग 600 मिनिटांच्या आत व्हायला हवं. ताकद मात्र 28 दिवसांची मोजतात. सेट व्हायला लागलेला माल पाणी घालून पुन्हा कालवला की कच्चा राहतो. गवंडी ‘सेट’च म्हणतो, तोच लिहा.

खमंग: बांधकामात चालेल, स्वयंपाकात नाही. दही लावतात, ते लागतं. ‘दही सेट करा’ कानाला खटकतं. तूप थिजतं. आणि पुडिंगच्या कृतीत ‘सेट होऊ द्या’ लिहिलं की खरी माहितीच गायब होते. चायना ग्रास (समुद्री शेवाळापासूनचा अगर) उकळून पूर्ण विरघळवला की बाहेरच, साधारण 35-40 अंशांवर, घट्ट होतो. जिलेटिन गार पाण्यात भिजवून कोमट दुधात विरघळवतात आणि त्याला फ्रिज लागतोच. उन्हाळ्यात ताटात काढून ठेवलं की पुन्हा पातळ. तेव्हा ‘फ्रिजमध्ये चार तास ठेवा’ असं सरळ लिहा ना.

जुळारी: 430 चा बाऊ कशाला? ‘सिट’ म्हणजे बसणे, त्याचं प्रयोजक रूप ‘सेट’ म्हणजे बसवणे. संस्कृतातल्या सद् (बसणे) आणि सादयति (बसवतो) या जोडीचंच हे नातलग. संच या अर्थाचा ‘सेट’ मुळात वेगळाच शब्द, लॅटिन ‘सेक्टा’वरून फ्रेंचमार्गे आलेला, दोघांचं रूप सारखं झालं इतकंच. (प्राध्यापकीची ‘सेट’ परीक्षा तिसरीच, ती नुसती आद्याक्षरं.) म्हणून कोणीतरी काही ठेवत असेल तिथे ‘बसवणे’पासून सुरुवात करावी. आपलं ‘लावणे’ काय कमी आहे का? दिवा लावला की तो पेटतो, दार लावलं की बंद होतं, रोप लावलं की जमिनीत जातं.

गिलावा: व्युत्पत्ती मान्य, पण सिमेंटला कोणी बसवत नाही, ते पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन आपोआप बदलतं. ‘थिजणे’ही नको, थिजलेलं तूप ऊन केलं की पातळ होतं. हे होत नाही.

कोशकीटक: बरं, गोणीवर ‘सेट’ राहू द्या. मोबाईलमधला ‘अलार्म सेट करा’ मात्र ‘गजर लावा’च हवा, त्यावर मी अडून बसणार.